टाचेवरचा भार कोणी मोजायचा?

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकले की टाचेत कळ येते. चार पावले चालल्यावर ती ओसरते आणि दिवसभर उभ्याने काम केले की संध्याकाळी पुन्हा चढते. साधारण दहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी हे दुखणे गाठते. त्यावरचा सल्लाही सगळ्यांना पाठ आहे: टाचेचं हाड वाढलंय, मऊ चप्पल घाला, शेक घ्या, वजन उतरवा, आराम करा.

ज्यांचे पोट दिवसभर एकच हालचाल पुन्हा पुन्हा करण्यावर चालते, म्हणजे ऊसतोड मजूर, हमाल, भाजीवाल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया, कापड दुकानातले सेल्समन, वॉर्डातल्या नर्सेस, त्यांच्या बाबतीत या यादीतला शेवटचा सल्ला दोन अंगांनी चुकतो. वैद्यकाच्या अंगाने चुकतो, कारण टाचेखालचा पट्टा योग्य भारानेच पुन्हा मजबूत होतो. व्यवहाराच्या अंगाने चुकतो, कारण आराम केला की मजुरी बुडते. फिजिओथेरपीचे काम भार बंद करणे हे नाही. भार मोजून, वाटून देणे हे तिचे काम आहे. आणि हा हिशेब दवाखान्याच्या चार भिंतींत बसून पुरा होत नाही, त्यासाठी रुग्ण जिथे राबतो तिथपर्यंत चौकशी न्यावी लागते. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे. उदाहरणाला धाराशिव जिल्ह्यातले, लोहारा तालुक्यातले सास्तूर घेतो. तिथली जमीन, घरे आणि कामे पाहिली की हा प्रश्न नीट उलगडतो.

१. दुखते ते नेमके काय

टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायात एक चिवट पट्टा ताणलेला असतो. पायाची कमान त्याच्यावर तोललेली असते. चालताना टाच उचलली आणि बोटे वर वाकली की हा पट्टा बोटांच्या सांध्याभोवती गुंडाळला जातो आणि कमान उंचावते, जसा रहाटाला दोर गुंडाळला की बादली वर येते. ही यंत्रणा १९५४ मध्ये हिक्स या संशोधकाने दाखवून दिली. म्हणजे प्रत्येक पावलागणिक हा पट्टा ताणला जातो आणि सैल होतो. दिवसाला हजारो वेळा.

यात दोन समजुती वर्षानुवर्षे मुरलेल्या आहेत. पहिली दाहाची. शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून २००३ मध्ये अमेरिकेतल्या लेमाँट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की त्या पेशीजालात दाहाच्या खुणा नव्हत्या. तंतूंची झीज, विस्कळीतपणा, अर्धवट राहिलेली डागडुजी असे चित्र होते. हे नमुने जुनाट दुखण्याचे होते, पण कष्टकरी माणूस दवाखान्याची पायरी चढतो तोवर त्याचेही दुखणे जुनाट झालेले असते. दाह कमी करणारी गोळी त्याला दोन रात्रींची झोप देईल. झिजलेला पट्टा तिने विणला जात नाही.

दुसरी समजूत हाडाच्या काट्याची. एक्स-रेवर टाचेखाली टोक दिसले की निदान झाले असे रुग्णाला वाटते, आणि कित्येकदा त्याला तसे सांगितलेही जाते. पण असे टोक असूनही टाच अजिबात दुखत नाही अशी माणसे पुष्कळ आहेत, आणि टोक नसताना कळवळणारीही आहेत. या समजुतीचा तोटा मोठा आहे. हाड वाढलंय असे एकदा मनात बसले की व्यायामाने काय होणार, असे रुग्ण ठरवून टाकतो. मग तो एक तर सोसतो, नाहीतर सुई घ्यायला जातो.

२. भार आणि ताकद

पट्टा झिजतो कधी? त्याच्यावर पडणारा भार त्याच्या डागडुजीच्या वेगापेक्षा जास्त झाला की. हे वाक्य साधे आहे, पण सगळा उपचार त्यावर उभा राहतो.

रिडल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये टाचदुखीचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांची तुलना केली. तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या: घोटा वरच्या बाजूला पुरेसा न वाकणे, स्थूलता, आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर जाणे. या तिसऱ्या गटात दुखण्याची शक्यता साडेतीन पटींहून जास्त निघाली. पुढे २०१० मध्ये वर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वाहन जुळणीच्या कारखान्यातले कामगार तपासले. कठीण पृष्ठभागावर उभे राहण्यात आणि चालण्यात जितका जास्त वेळ, तितका धोका जास्त. गाडीत वारंवार चढउतार करणाऱ्यांनाही तो जास्त होता. आणि आठवड्यात बूट आलटून पालटून वापरणाऱ्यांना कमी.

घोट्याच्या बाबतीत मात्र परदेशी निष्कर्ष जसाच्या तसा उचलण्यापूर्वी थांबायला हवे. सास्तूरच्या शिवारात उकिडवे बसून खुरपणी करणारी, टाचा जमिनीला टेकवून तासन्‌तास बसू शकणारी बाई घ्या. तिच्या पोटऱ्या आखूड असण्याची शक्यता खुर्चीवरच्या माणसापेक्षा कमी. तिला डोळे झाकून पोटरी ताणण्याचा व्यायाम लिहून दिला तर आधीच असलेली गोष्ट आपण तिला देतो, आणि जे कमी आहे ते, म्हणजे पोटरीची आणि पायाच्या लहान स्नायूंची ताकद, तसेच राहते. भिंतीला गुडघा लावून घोटा किती वाकतो हे पाहायला मिनिटभर लागते. ते पाहूनच व्यायाम ठरवावा. मोळ्या वाहणाऱ्या किंवा दुकानात उभ्या राहणाऱ्या माणसाचा घोटा कडक निघाला, तर तोच व्यायाम त्याला जरूर द्यावा.

भाराची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची उडीही महत्त्वाची आहे. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला हजारो भाविक पायी जातात, कित्येक अनवाणी. एरवी दिवसभर बसून काम करणाऱ्याने एका रात्रीत पंचेचाळीसेक किलोमीटर डांबर तुडवले की त्याच्या टाचेवर वर्षभरात न पडलेला भार पडतो. ऊसतोडीच्या हंगामाचा पहिला आठवडाही असाच असतो. काल घरी असलेला माणूस आज पहाटेपासून फडात उतरतो.

३. सास्तूरची जमीन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारीबरोबर सास्तूरही कोसळले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचे ओझे झोपेतल्या माणसांवर आले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, त्यांत सास्तूर होते. गावठाण बदलले, रस्ते रुंद झाले, घरे एकमेकांपासून लांब गेली, सिमेंट आले. गावात भूकंपानंतरच उभे राहिलेले स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. आपत्तीनंतर वैद्यकीय सेवा मुळापासून उभी राहू शकते, हे या परिसराने पाहिलेले आहे.

टाचेशी याचा संबंध मी जोडतो तो अनुमानाने, आणि अनुमान म्हणूनच वाचावा. जुन्या घरात पायाखाली शेणाने सारवलेली माती होती आणि स्वयंपाक चुलीपुढे बसून होई. नव्या घरांत कोबा किंवा फरशी आली, पुढे गॅस आला, ओटा आला, आणि स्वयंपाक उभ्याने सुरू झाला. धुराशी आणि वाकण्याशी तुलना करता ही मोठी सुटका होती, यात शंका नाही. पण घरात आपण चप्पल घालत नाही. त्यामुळे पहाटे दोन तास आणि रात्री दोन तास अनवाणी पायांनी कडक फरशीवर उभे राहणे हा एक नवा भार बाईच्या टाचेवर चढला. मधले आठ तास शेतावरचे, ते होतेच.

या हिशेबाने पाहिले तर 'बायकांना टाचदुखी जास्त, कारण वजन' हे उत्तर अपुरे वाटते. वजन हे कारण आहेच, वरच्या अभ्यासातही ते आहे. पण दवाखान्यात बाईचे वजन काट्यावर घेतले जाते आणि तिच्या उभे राहण्याचे तास कुणी विचारत नाही. मोजमाप एकाच गोष्टीचे झाले की दोषही तिच्याच माथी येतो.

ऊसतोडीत तर भार डोळ्यांना दिसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. वाकून तोडणी, मग मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन ओबडधोबड फडातून गाडीपर्यंत चालणे आणि फळीवरून किंवा शिडीवरून वर चढवणे. चढताना सगळे वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर आणि पोटरीवर येते, उतरताना टाचेवर आदळते. मोबदला टनावर. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस गैरहजर राहिले तर खाडा कापला जातो. अशा माणसाला 'तीन आठवडे पाय टेकू नका' असे सांगणे म्हणजे उपचार नाकारण्याचाच एक प्रकार आहे. शब्द कितीही प्रेमळ असोत.

४. आराम वैद्यकीयदृष्ट्याही का चुकतो

आर्थिक अडचण क्षणभर बाजूला ठेवू. समजा, मजुराला पगारी रजा मिळाली. तरी निव्वळ आरामाने पट्टा सुधारतो का?

कळ कमी होते, हे खरे. पण कंडरा आणि तळपायाचा पट्टा अशा चिवट ऊती भाराला प्रतिसाद म्हणूनच नवे तंतू विणतात. सहा आठवडे भार काढून घेतला तर दुखणे झोपते आणि ताकदही घटते. कामावर परतल्यावर भार पूर्वीइतकाच असतो, पट्टा मात्र पूर्वीपेक्षा कमकुवत. मग दुखणे उलटते आणि सगळे म्हणतात, याने काळजी घेतली नाही.

व्यायामाचे दोन प्रकार अभ्यासांत टिकले आहेत. पहिला, २००३ मध्ये दिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी तपासलेला. बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटे नडगीकडे ओढायची, तळव्यात पट्टा ताणलेला बोटाला जाणवला पाहिजे. दहा मोजेपर्यंत धरायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यातली पहिली खेप सकाळचे पहिले पाऊल टाकण्यापूर्वी. आठ आठवड्यांत पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा या रुग्णांचे दुखणे जास्त उतरले. याला ना यंत्र लागते, ना पैसा.

दुसरा ताकदीचा. डेन्मार्कच्या राथलेफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ४८ रुग्णांवर तो तपासला. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घालायचा म्हणजे बोटे वर वाकलेली राहतात, आणि एका पायावर टाच उचलायची. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. एक दिवस आड. सुरुवातीला बारा वेळा, आणि जमू लागले की पाठीवर वजन घेऊन आकडा कमी करायचा. तीन महिन्यांनी हा गट ताणाच्या व्यायामाच्या गटापेक्षा बराच पुढे होता. वर्षअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. पण मजुराच्या घरात तीन महिने म्हणजे अख्ख्या हंगामाचा अर्धा भाग, त्यामुळे ही आघाडी मला किरकोळ वाटत नाही.

इथे एक प्रश्न हटकून येतो, आणि मला तो या विषयाचा गाभा वाटतो. भाराने पट्टा मजबूत होतो तर दिवसभर मोळ्या वाहणाऱ्याचा पट्टा सर्वांत मजबूत असायला हवा. मग त्याची टाच दुखते का?

कारण भार कोणत्या पद्धतीने पडतो यावर सगळे ठरते. कंडरांवरचा अभ्यास सांगतो, की जोरदार भारानंतर साधारण पहिले २४ ते ३६ तास जुने तंतू मोडण्याचे काम विणण्यापेक्षा जास्त चालते, आणि त्यानंतर विणणे पुढे जाते. व्यायाम एक दिवस आड देण्यामागे हा हिशेब आहे: जड भार, सावकाश, मोजक्या वेळा, आणि मग मोकळा दिवस. ऊसतोडीत किंवा दुकानात नेमके उलटे घडते. मध्यम भार, घाईने, हजारो वेळा, आणि मोकळा दिवस नाही. विणण्याची वेळ येण्याआधीच दुसरी पहाट उजाडते.

म्हणून खुर्चीवर काम करणाऱ्याला दिलेला व्यायामाचा कागद मजुराला तसाच देता येत नाही. पहिल्याच्या खात्यात भार कमी आहे, त्यात व्यायामाची भर घालता येते. दुसऱ्याचे खाते आधीच ओसंडून वाहते. त्याला व्यायाम द्यायचा तर कामातला तेवढा भार आधी कुठून तरी काढावा लागतो. हे केले नाही तर दुखणे वाढते, आठवडाभरात तो व्यायाम सोडतो, आणि केसपेपरवर 'रुग्ण सहकार्य करत नाही' अशी नोंद होते.

५. यंत्र आणि सुई

याबद्दल थोडक्यात. टाचेवर अल्ट्रासाउंडचे यंत्र फिरवणे हा अनेक ठिकाणी फिजिओथेरपीचा समानार्थी झालेला प्रकार आहे. १९९६ मध्येच क्रॉफर्ड आणि स्नेथ यांनी दाखवले होते, की खरे यंत्र आणि बंद ठेवलेले यंत्र यांत फरक पडत नाही. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने ताणाच्या व्यायामाला पूरक म्हणून अल्ट्रासाउंड वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. खेड्यातून बसभाडे भरून, दिवसाची मजुरी बुडवून दहा दिवस यायला लावून हे यंत्र फिरवणे मला अन्यायाचे वाटते. तेवढ्या वेळात एकदाच नीट व्यायाम शिकवता येतो, टेप लावायला शिकवता येते, चप्पल तपासता येते.

स्टेरॉइडच्या सुईची गोष्ट थोडी वेगळी. २०१२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासात चार आठवड्यांपर्यंत वेदना कमी झाली, पुढे फरक उरला नाही. वारंवार सुया घेतल्या तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरण्याचा धोका असतो. हंगामाच्या ऐन मध्यावर कुणी ती मागितली तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण वेदना बंद झाली म्हणून तो त्याच दिवशी पूर्ण ओझे उचलणार असेल, तर सुईने त्याचा धोक्याचा इशारा तेवढा काढून घेतला. या चार आठवड्यांत ओझे कमी ठेवून व्यायाम सुरू केला तरच ती कामाची.

बुटातल्या गाद्यांबद्दल ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये १३५ रुग्णांवर अभ्यास झाला. मापाने बनवलेली महाग गादी आणि दुकानातली तयार गादी यांच्या परिणामात अर्थपूर्ण फरक निघाला नाही. आपल्याकडे तर मुळात बूटच नसतो. म्हणून सल्ला घरापासून सुरू व्हावा: टाचेकडे दबून पातळ झालेली स्लीपर टाकून द्यावी, ओट्यापाशी वापरायला जाड तळाची वेगळी, स्वच्छ चप्पल ठेवावी, जमले तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. स्वयंपाकघरात चप्पल हा काही घरांत संकोचाचा विषय आहे. तिथे ओट्यापुढे दुमडलेले पोते किंवा जाड सतरंजीची घडी टाकली तरी चालेल.

६. केसपेपरवर कामाची जागा

इटलीतल्या बर्नार्दिनो रामात्झिनी या वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात उभे राहून काम करणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत 'तुझा धंदा काय' हा प्रश्न घालावा, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे वाग्भटाने पायाच्या वातकंटक या दुखण्याची कारणे देताना पाऊल वेडेवाकडे पडण्याबरोबर श्रमही सांगितला आहे. कामाकडे पाहण्याची दृष्टी नवी नाही. मधल्या काळात ती केसपेपरवरून पुसली गेली.

महाराष्ट्रात तर तिचे घर होते. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. माणूस रोज जे काम करतो, ते काम हाच उपचाराचा विषय, हा त्या शाखेचा पाया. आजही राज्यात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांची नोंदणी एकाच परिषदेकडे आहे. तरीही टाचदुखीच्या रुग्णापुढे पहिली शाखा बहुतेक वेळा पोचतच नाही आणि दुसरी यंत्रापाशी थांबते.

मी मागतो ते फार नाही. टाचदुखीच्या प्रत्येक कष्टकरी रुग्णाच्या कागदावर पाच गोष्टी लिहिल्या जाव्यात: दिवसात किती तास पायांवर, कशा जमिनीवर, किती ओझे घेऊन, सलग किती वेळ न बसता, आणि पायात काय. घरचे तास धरून. ही चौकशी आशाताईही करू शकेल. मग याच पाच ओळींतून ठरवावे, की आठ आठवड्यांसाठी कोणती एक गोष्ट बदलता येईल. मोळी लहान बांधता येईल. वाहणे आणि बांधणे हे काम नवरा-बायकोने दिवसाआड आलटून घेता येईल. ट्रॉलीवरून उडी मारण्याऐवजी पाठमोरे उतरता येईल. दुपारची भाकरी खाऊन उठण्याआधी पट्टा ताणण्याची एक खेप होईल. ताकदीचा व्यायाम हंगामात हलका ठेवून, जड व्यायाम फडावरून परतल्यानंतरच्या महिन्यांत देता येईल. शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पुढच्या हंगामाची टाच उन्हाळ्यात घडवायची, आणि त्यासाठी घराचा उंबरा किंवा ओसरीची पायरी पुरते.

एक इशारा मात्र आधी. टाचेला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, विश्रांतीतही रात्रभर ठणकत असेल, दोन्ही बाजूंनी टाच दाबल्यावर असह्य होत असेल, तरुण वयात पाठही पहाटे आखडत असेल, मधुमेह असेल किंवा पायाला न कळणाऱ्या जखमा होत असतील, तर हा व्यायामाचा विषय नाही. हाडाला गेलेली चीर, नस दबणे, सांध्यांचा दाहक आजार, कुष्ठरोग अशा गोष्टी आधी तपासाव्या लागतात.

७. आक्षेप

'हे आपोआप बरे होते.' पुष्कळांचे होते. पण डेन्मार्कमध्ये रुग्णालयात आलेल्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा केला तेव्हा पाच वर्षांनीही सुमारे निम्म्यांना त्रास होता. शिवाय बरे होईपर्यंतच्या काळाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. पगारदाराला तो लंगडण्याचा काळ असतो, टनावर मजुरी घेणाऱ्याला कर्जाचा.

'कामामुळेच होते याचा पक्का पुरावा नाही.' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. २०१५ मधल्या एका पद्धतशीर आढाव्याने उभे राहण्याचे काम आणि टाचदुखी यांच्या संबंधाचा पुरावा दुबळा असल्याचे नमूद केले आहे. पण पुरावा दुबळा राहण्याचे एक कारण अभ्यास कुणाचा झाला हे आहे. अभ्यासांत कारखान्यातले कामगार आहेत, धावपटू आहेत. फडातली बाई त्यात नाही. आणि मी मागतो तो बदल, म्हणजे पाच प्रश्न आणि एक तडजोड, इतका निरुपद्रवी आहे की त्यासाठी पुराव्याच्या शेवटच्या कणाची वाट पाहण्याचे कारण नाही. सुईला आणि यंत्राला आपण एवढा कडक पुरावा मागितला नव्हता.

'मजुराच्या हातात काय आहे? मुकादम ऐकणार नाही.' हा सर्वांत खरा आक्षेप. शरीराला कामाच्या मापाने कापून घेण्याची टोकाची पाळी या भागाने पाहिली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. खाड्याची भीती हे त्यामागचे एक कारण म्हणून वारंवार पुढे आले. टाच त्या मानाने लहान गोष्ट आहे, पण तर्क तोच आहे: काम जसे आहे तसे राहील, देह बदला. या तर्काला फिजिओथेरपिस्टने केवळ व्यायामाचा कागद देऊन साथ देऊ नये. 'या रुग्णाला आठ आठवडे डोक्यावरून ओझे चढवण्याचे काम देऊ नये, तोडणी व बांधणी करता येईल' असे सहीशिक्क्याचे पत्र तो देऊ शकतो. आराम हवा असे पत्र मुकादम फेकून देतो, कारण त्याचा एक कोयता बंद पडतो. हलके काम सुचवणाऱ्या पत्रावर निदान बोलणी होऊ शकतात.

'कायदे करणे हे वैद्यकाचे काम नाही.' कायदे आधीच झालेले आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. केरळने कापड दुकानांतल्या बायकांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१८ मध्ये दुकाने कायद्यात बसण्याचा हक्क घातला, आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले. साखर कारखान्याच्या आत यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराला स्टूल देणारा कायदा फडातल्या बाईपर्यंत येत नाही, कारण तिचा मालक कोण हेच कागदावर ठरत नाही. तिच्या टाचेची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही, आणि नोंद नाही म्हणून मागणीला आधार नाही.

ही नोंद वैद्यकाच्याच हातात आहे. एका ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाने वर्षभर त्या पाच ओळी भरल्या, तर कोणत्या महिन्यात, कोणत्या कामातून, कोणत्या वयाच्या किती टाचा आल्या हे समोर येईल. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ केले आहे. हंगामाला निघण्यापूर्वी पायांची तपासणी, एक जाड तळाचा जोड आणि गरजूला दोन महिने हलक्या कामाची हमी, एवढ्या तीन गोष्टी त्या आकड्यांच्या आधारे महामंडळापुढे आणि कारखान्यांपुढे मांडता येतील. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात, म्हणजे तपासणी भाद्रपदातच उरकलेली हवी.